आम्ही दोघींनी बांधलेली न्हाणी

माझं माहेर गिरगावातलं. चाळीतली जागा टीचभर, पण मजल्याच्या टोकाला न्हाणीघर होतं आणि त्याच्या दाराला आतून लोखंडी कडी होती. रांग लावावी लागे, बाहेरून थापा पडत, तरी एकदा कडी घातली की आतली घटका आपली. कडी ही काही कौतुक करायची गोष्ट आहे असं तेव्हा कधी वाटलं नाही.

लग्न होऊन बोईसरला आले आणि पहिल्याच सकाळी ते वाटलं.

घर छान होतं. कौलारू, पुढे ओटी, मागे भलंमोठं परडं. चिकूचं झाड, शेवगा, केळी आणि कोपऱ्यात विहीर. विहिरीच्या अंगाला दगडी लादी बसवलेली, तिच्या तीन बाजूंना माडाच्या झावळ्यांचा कूड आणि चौथ्या बाजूला गोणपाट. हीच न्हाणी. वर आकाश. गोणपाट एका सुतळीवर लोंबत असे आणि समुद्रावरचा वारा बोईसरपर्यंत पोचतो हे त्या गोणपाटाला चांगलं माहीत होतं. मी एका हाताने तांब्या आणि दुसऱ्या हाताने गोणपाट धरून अंघोळ केली. साबण लावायला तिसरा हात लागतो हे त्या दिवशी समजलं.

सासूबाईंना मी आई म्हणे. त्या माकुणसारच्या, वाडीत वाढलेल्या. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलणं मोजकं. मी बाहेर आले तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उशीर केलास गो. इथं उजाडायच्या आधी न्हायचं असतं. अंधाराचा पडदा गोणपाटापेक्षा बरा."

त्या स्वतः रोज तसंच करत. घरातले सगळे झोपेत असताना विहिरीवर रहाटाचा आवाज येई, दोन-चार तांबे घाईने ओतल्याचा आवाज येई आणि मग चूल पेटे. मीही तसंच करू लागले. थंडीत ते अवघड जाई, पण सवय झाली. सगळ्याच बायका असंच करत होत्या, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हाही प्रश्नच होता.

मग तारापूरकडे वीजकेंद्राचं मोठं सरकारी काम निघालं. बोईसर स्टेशन एकाएकी जागं झालं. परदेशातून आलेल्या यंत्रांच्या पेट्या लादलेले ट्रक धुरळा उडवत जाऊ लागले, चहाची दुकानं वाढली आणि ज्याच्याकडे म्हणून रिकामी जागा होती त्याने खोल्या काढून भाड्याने दिल्या. आमच्या परड्यामागच्या शेजाऱ्यानेही कुडाच्या खोल्यांची एक ओळ उभी केली. त्यात उत्तरेकडचे कामगार राहायला आले. माणसं चांगली होती. पण त्यांच्या पाळ्या असत. कोणी पहाटे कामावरून परते, कोणी पहाटे निघे. म्हणजे ज्या अंधारावर आमची सगळी भिस्त होती त्यात आता कंदील घेऊन माणसं हिंडू लागली.

एके दिवशी पहाटे वाऱ्याने गोणपाट सुतळीसकट उपटून केळीवर नेऊन टाकला. मी अंगाला लुगडं गुंडाळून तिथेच खाली बसले. पलीकडे दातण करत बसलेला एक म्हातारासा कामगार चटकन पाठमोरा झाला आणि मोठ्याने म्हणाला, "बेटी, हम उधर मुँह करके बैठे हैं. तुम आराम से जाओ." बिचाऱ्याने त्या दिवसापासून आपली दातणाची जागाच बदलली. मला त्याचा राग नाही आला. राग आला तो गोणपाटाचा.

दुपारी जेवताना मी यांना म्हटलं, "न्हाणीला दार हवंय. कडी असलेलं."

हे पालघरला कचेरीत कारकून होते. रविवार असल्यामुळे घरी होते. म्हणाले, "सुताराला दिवाळीपासून सांगतोय मी. सुतार आहे कुठे? सगळे तिकडे कामावर. तिथे मजुरी चांगली मिळते. होळीनंतर येतो म्हणालाय."

"कुठल्या होळीनंतर?" मी विचारलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, हसले. ते रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. शिस्तीचे, पण विनोद कळणारे. "सूनबाई, इतकी वर्षं चाललंय ना? चालेल अजून."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मीच बांधते."

"काय बांधतेस?"

"न्हाणी. लाकडाची. चार भिंती आणि दार."

मामंजींच्या हातातला घास तसाच राहिला. यांना ठसका लागला. "अगं, तुला खिळा तरी ठोकता येतो का?" हे म्हणाले. खरं सांगायचं तर येत नव्हता. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गिरगावची मुलगी दिलेला शब्द मागे घेत नाही अशी माझी त्या वयात समजूत होती.

 आईंनी भराभर ताटं उचलली, ओटा सारवला. मला वाटलं, रागावल्या. दुपारी सगळे आडवे झाल्यावर माळ्यावर खडखड ऐकू आली. बघते तर आई शिडीवर आणि त्यांच्या काखेत एक लांब करवत. गंजलेली, पण मूठ गुळगुळीत.

"माझ्या बापाची," त्या खाली उतरत म्हणाल्या. "वाडीची कुंपणं तोच करायचा. मी बघायची. धरायला कवा दिली नाय त्यानं. मरताना मात्र मलाच दिली."

"आई, म्हणजे तुम्ही…"

"तू एकटी काय करशील? एक टोक धरायला माणूस लागतंच." एवढं बोलून त्या कानस घेऊन करवतीचे दात घासायला बसल्या.

लाकूड कुठून आणायचं हा पुढचा प्रश्न. तो तारापूरच्या कामानेच सोडवला. यंत्रांच्या पेट्या रिकाम्या झाल्या की त्यांच्या फळ्या ठेकेदारांकडून वखारीत येत. स्टेशनजवळच्या वखारीत त्यांचा ढीगच पडलेला असे. पांढरंपिवळं, हलकं, राळेचा वास असलेलं लाकूड. आमच्याकडच्या सागासमोर ते अगदीच गोरं आणि पोरकट दिसे. वखारवाल्याने आम्हा दोघी सासू-सुनांना बघून विचारलं, "जळणाला?"

"घराला," आई म्हणाल्या.

बैलगाडीतून फळ्या परड्यात येऊन पडल्या. प्रत्येक फळीवर काळ्या शाईत परदेशी अक्षरं आणि चित्रं होती. एक उघडी छत्री, एक पेला, वर तोंड केलेले बाण. आईंना वाचता येत नव्हतं, पण चित्रं त्यांनी नीट निरखली. "हा पेला बघ. पाण्याचा पेला. ही छत्री बघ. हे लाकूड न्हाणीलाच म्हणून आलंय."

यांनी समजावलं, "आई, पेला म्हणजे आत नाजूक वस्तू आहे, जपून हाताळा. छत्री म्हणजे पावसात ठेवू नका."

"मग तेच म्हणते ना मी," आई म्हणाल्या.

त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं. मला फळ्या उभ्या मारायच्या होत्या. चाळीतल्या न्हाणीघराचं दार तसंच होतं. आईंचं म्हणणं, फळ्या आडव्याच हव्यात, कारण उभ्या मारल्या तर छत्र्या आडव्या पडतात. "आडवी छत्री कोणी धरतं का?" मी पुष्कळ वाद घातला. मामंजी ओटीवरून वर्तमानपत्राच्या आडून ऐकत होते. ते म्हणाले, "आडव्या मारा आणि वरची फळी खालचीवर थोडी चढवा. कौलासारखी. पाणी आत येणार नाही." आई विजयी मुद्रेने माझ्याकडे बघू लागल्या. मामंजींनी छत्रीसाठी हे सांगितलं नव्हतं, पण आईंनी ते छत्रीच्या बाजूने धरलं.

खांबांसाठी आईंच्या भावाने माकुणसारहून ताडाचे वासे पाठवले. त्यांची खालची टोकं आईंनी शेकोटी करून काळी होईपर्यंत भाजली. वाळवी लागू नये म्हणून कुंपणाचे खांब असेच भाजतात, हे त्यांनी बापाकडे बघून शिकलेलं. मग आम्ही खड्डे खणले. मी कुदळ मारी, आई माती उपसत. मधेच पदर खोचून त्या उभ्या राहत आणि म्हणत, "हुश्श. माणसं हे काम करून वर जेवायला वाढा म्हणतात ते उगाच नाय."

खिळे यांनी पालघरहून आणले. पहिला खिळा मी ठोकला तो वाकला. दुसरा वाकला. तिसरा शिरला, पण फळी फाटली. पक्कडीने वाकडे खिळे उपटून दगडावर सरळ करणं हेच आमचं सुरुवातीचं मुख्य काम होतं. हे एकदा पुरुषार्थाने पुढे आले, हातोडी घेतली आणि पहिल्याच ठोक्याला अंगठा चेचून घेतला. अंगठ्याला हळद लावून ते ओटीवर मामंजींच्या शेजारी जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी आमच्या कामात चहा करून देण्यापलीकडे हात घातला नाही. चहा मात्र ते चांगला करायला शिकले, आणि पुढे आयुष्यभर करत राहिले.

मापांचा घोळ वेगळाच. आमच्याकडे टेप नव्हता. उजवी भिंत आई वितीने मोजत होत्या आणि डावी मी. दोघींनी प्रामाणिकपणे सारख्याच विती मोजल्या. वर छपराचा वासा टाकायला गेलो तर तो एका बाजूला कललेला. आधी वाटलं जमीन खचली. मग मामंजी उठून आले, आईंचा हात आणि माझा हात शेजारी शेजारी धरून बघितला आणि परत ओटीवर जाऊन बसले. आईंचा पंजा माझ्यापेक्षा चांगलाच मोठा होता.

"आता?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"आता काय? पाणी जायला उतार लागतोच," आई म्हणाल्या. त्या उतारावरच आम्ही कौलं घातली.

तोपर्यंत आळीत बातमी पसरली होती. दुपारी बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहत. काही हसत. एकीने आईंना विचारलं, "वैनी, घरात पुरुषमाणसं असताना तुमी करवत ओढता?" आई करवत न थांबवता म्हणाल्या, "पुरुषमाणसं बोलतायत ना. तेवढं काम त्यांच्याकडे हाय." ओटीवर मामंजींनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. पण संध्याकाळी त्यांचे जुने स्टेशनवरचे स्नेही आले तेव्हा मी आतून ऐकलं, ते सांगत होते, "कल्पना तशी माझीच. आडव्या फळ्या, कौलासारख्या."

दार शेवटी केलं. ते माझं दार होतं. तिथे मी आईंना हात लावू दिला नाही. चौकट बरी जमली, बिजागऱ्या बसल्या, आतल्या बाजूला मी लोखंडी कडी ठोकली.  मग मी दिमाखात आत गेले, दार ओढून घेतलं, कडी घातली. बाहेर आईंनी टाळ्या वाजवल्या. आत पाण्याचा हंडा आणून ठेवला तेव्हा लक्षात आलं की दार आतल्या बाजूला उघडतं आणि हंड्यावर आपटून अर्ध्यातच अडतं. मामंजींसारखा सडपातळ माणूस तिरका होऊन आत शिरला असता, पण आई शिरल्या नसत्या. सगळं पुन्हा उपटून दार बाहेर उघडेल असं बसवावं लागलं. आई म्हणाल्या, "बरं झालं. पहिल्यांदा चुकलं म्हणून दुसऱ्यांदा किती झटकन केलंस बघ."

न्हाणी उभी राहिली तो दिवस मला आजही दिसतो. गोरी गोरी फळ्यांची खोली, बाहेरच्या अंगाला ओळीने सरळ उभ्या छत्र्या, जरासं तिरकं छप्पर आणि वरच्या फटीतून आत येणारं ऊन. दगडी लादी तीच, पण घासून लख्ख केलेली. पहिल्यांदा कोणी न्हायचं यावरून आम्ही दोघी "तू जा", "तुम्ही जा" करत राहिलो. शेवटी मी आईंच्या हातात धुतलेलं लुगडं आणि शिकेकाईची वाटी दिली आणि त्यांना ढकललंच.

भर दुपार होती. कडी लागल्याचा आवाज आला. मग पाण्याचा पहिला तांब्या. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा तांब्या, सावकाश. मी चिकूखाली बसून राहिले. थोड्या वेळाने आतून गुणगुणणं ऐकू आलं. आईंना गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं. जात्यावरही त्या मुकाट दळत. वाडीत मुली लग्नात म्हणतात तसलं काहीतरी, शब्द पुसट.

अर्धी दुपार उलटली. मामंजी झोपेतून उठून मागच्या दारी आले. "ही कुठाय?"

"न्हातायत."

"अजून?" त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. दाराजवळ जाऊन त्यांनी हाक मारली, "अगं, बरी आहेस ना?"

"बरी हाय. तुमी जावा, चा करून घ्या," आतून उत्तर आलं. मामंजी तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे बघून, जरा ओशाळं हसून, खरंच चहा करायला आत गेले. त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकून स्टोव्ह पेटवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

आई बाहेर आल्या तेव्हा केस मोकळे, चेहरा लालसर आणि पाय पाण्याने सुरकुतलेले. माझ्याशेजारी येऊन बसल्या. उन्हात केस पसरले. मग हळूच म्हणाल्या, "मांडीवर एक तीळ हाय माझ्या. लहानपणी आई दाखवायची. लग्नापासून बघितलाच नव्हता. आज बघितला. हाय अजून तिथंच."

 मी त्यांचे केस पंचाने पुसत राहिले. त्या दिवसापासून आई उजेडात न्हाऊ लागल्या. चूल पेटायला उशीर होऊ लागला आणि घरातल्या कोणीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आता पावसाची काळजी होती. हे परदेशी लाकूड आमच्या पावसात कसं टिकणार? आमच्याकडे किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासे घेऊन एक बाई येत. कोळीण, पन्नाशीची, आवाज असा की स्टेशनवर बोलल्या तर आमच्या ओटीवर ऐकू येई. मी त्यांना मावशी म्हणे. त्यांनी पाटी खाली ठेवून न्हाणीभोवती एक फेरी मारली, फळीवर नख ओढून बघितलं आणि म्हणाल्या, "लाकूड कवळं हाय. याला मुशीचं तेल पाज. आमी होडीला तेच पाजतो. पाऊस काय, दर्या काय करनार नाय."

दुसऱ्या खेपेला त्यांनी डबाभर तेल आणलं. मुशी म्हणजे लहान शार्क मासा, त्याच्या यकृताचं ते तेल. डब्याचं झाकण काढलं आणि शेवग्यावरचे कावळे उडाले. आईंनी नाकाला पदर लावला, मी दोन्ही हातांना चिंध्या बांधल्या आणि आम्ही आतून-बाहेरून फळ्यांना तेल पाजलं. लाकूड ते तहानलेल्यासारखं पीत होतं. संध्याकाळपर्यंत न्हाणीचा रंग मधासारखा झाला. दिसायला फारच सुरेख. वासाचं मात्र विचारू नका.

मांजरं दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आधी आळीतली ओळखीची, मग अनोळखी. छपरावर, विहिरीच्या कठड्यावर, चिकूच्या फांदीवर, जागा मिळेल तिथे बसली. भांडत नव्हती, ओरडत नव्हती. देवळात कीर्तन सुरू व्हायची वाट बघावी तशी शांत बसून होती. मामंजींनी काठी आपटली, टाळ्या वाजवल्या. एकही हललं नाही. मागच्या खोल्यांतले कामगार हसून हसून बेजार. त्या दातणवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "माताजी, अंदर मछली नहाती है क्या?"

यांची अवस्था जास्त कठीण झाली. नेहमीप्रमाणे न्हाणीत अंघोळ करून हे पालघरला कचेरीत गेले. तिथे शिपायाने टेबलाखाली वाकून बघितलं, मग यांची पिशवी उघडायला लावली. डब्यात भेंडीची भाजी निघाली तरी त्याचा विश्वास बसेना. "साहेब, एवढा वास येतो म्हणजे पापलेट असणार. मला नका सांगू," असं म्हणून तो रुसून बसला. हे घरी येऊन तक्रार करत होते आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होतो. पुढे पावसाने वास धुऊन निघाला. मांजरंही एकेक करून गेली. एक पिवळं मात्र राहिलं, ते आमचंच झालं.

न्हाणी टिकली. पावसात एक कौल उडालं, एका कोपऱ्यात अळंबी उगवली, बाकी काही नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत शेक-शेगडी तिथेच झाली. बऱ्याच वर्षांनी परड्यात नळ आला, विटांची न्हाणी झाली आणि गवंड्याने फळ्या काढल्या. त्यांतल्या धड होत्या त्यांचं मी कोंबड्यांचं खुराडं केलं. तेव्हा आई नव्हत्या. दोन्ही भिंती मी एकटीनेच मोजल्या, त्यामुळे छप्पर सरळ आलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या पावसाळ्यानंतरचं. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा दर्यात जात होत्या. मावशी पाटी घेऊन आल्या, मासे दिले आणि जाईनात. ओटीच्या पायरीवर बसून राहिल्या. मग एरवीच्या आवाजापेक्षा खूपच हळू म्हणाल्या, "मला पन एक करून देनार काय?"

आई म्हणाल्या, "तुमच्यात होड्या बांधणारे पुरुष हायत की."

"होड्या बांधतात. न्हानी कोन बांधतो? आमी बाया खाऱ्या वाऱ्यात आडोसा धरून न्हातो. माझी सून येनार आता घरात. नवी पोर. तिला कडी पायजे."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी मामंजींकडे बघितलं. मामंजी म्हणाले, "माझ्याकडे काय बघताय? जा. फक्त त्या तेलापासून लांब राहा."

ठरल्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या एसटीने नवापूरला गेलो. पिशवीत हातोडी, पक्कड, खिळे आणि आईंच्या मांडीवर कापडात बांधलेली करवत. मावशींचं घर अगदी वाळूच्या कडेला. लाकूड म्हणजे एका मोडलेल्या होडीच्या फळ्या. आमच्या गोऱ्या फळ्यांसारख्या नाहीत. काळ्या, जड, खारवलेल्या, दगडासारख्या. करवत दोन ठिकाणी अडकली. आत जुने खिळे होते. मावशींचा नवरा आणि दीर पलीकडे जाळी विणत बसले होते. थोडा वेळ ते गालात हसत राहिले. मग दीर उठला, जुने खिळे एकेक करून ठोकून बाहेर काढून देऊ लागला. मग नवराही आला. "आमी फक्त खिळे काढतो," तो म्हणाला, "बाकी तुमचा तुमी बघा."

मावशी देखरेखीला होत्या. त्यांचा आवाज आता परत जागेवर आला होता. "दार इकडं नको, तिकडं वारा हाय! ती फळी वाकडी हाय! आईबाय, तुमी बसा जरा, म्हाताऱ्या झालात!" आई म्हणाल्या, "तू माझ्यापेक्षा मोठी असशील," आणि वय नेमकं कोणालाच माहीत नसल्यामुळे तो वाद शेवटपर्यंत सुटला नाही.

दुपारी तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलांचं कालवण जेवलो. आई मागून मागून जेवल्या. संध्याकाळी दार बसलं, या वेळी एकदाच आणि बाहेर उघडणारं. मावशींनी आत जाऊन कडी घातली, काढली, पुन्हा घातली. बाहेर त्यांचा नवरा ओरडला, "आगं, आता बाहेर येशील का नाय?"  आतून कडीचा खटखट आवाज तेवढा येत राहिला, आणि सगळे हसले.

परतीच्या एसटीत आमच्या अंगाला घाम, लाकडाचा भुसा आणि मासळी यांचा मिळून वास येत होता. माझ्या तळहाताला फोड आले होते. आईंच्या केसांत भुसा तसाच होता, मी तो काढायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. कंडक्टरने करवतीकडे बघून म्हटलं, "आजी, दात आत करून धरा, कोणाला लागतील." आईंनी करवत उभी करून छातीशी धरली.

समोरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, चिंचणीकडच्या असाव्यात, जरीकाठी नेसलेल्या, मांडीवर फुलांची परडी. त्या बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "कुठं गेला होता?"

"कामावर," आई म्हणाल्या.

"कामावर? कसल्या?"

मग आईंनी सांगायला सुरुवात केली. मोजकं बोलणाऱ्या माझ्या सासूबाईंनी गोणपाटापासून सांगितलं, छत्र्या सांगितल्या, मांजरं सांगितली. दार उलटं बसलं तेही सांगितलं, तेवढं त्यांनी वगळलं असतं तर मला चाललं असतं. बोईसर आलं, गाडी थांबली, माणसं उतरू लागली तरी त्यांचं संपेना. त्या बाई परडी तशीच मांडीवर धरून पुढे वाकून ऐकत होत्या. मी आईंचा दंड धरून त्यांना उठवलं. खाली उतरल्यावरही त्या खिडकीपाशी गेल्या आणि आत तोंड करून म्हणाल्या, "खांब भाजून घ्या हां. नायतर वाळवी लागते."